करंगळीचा सूर

शनिवारी दुपारी जेवण उरकून दंतोपंत सातवी बेस गिटार आणायला निघाले, तेव्हा भुताखेतांचा विचार मनात यायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. ऊन लख्ख पडलं होतं, पोट भरलेलं होतं आणि बायको चक्क आपण होऊन सोबत निघाली होती.

दंतोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कवळ्या बनवण्यात त्यांची तीस वर्षं गेली, म्हणून बँडमधल्या मित्रांनी हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की आता खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर ते मागे वळूनही बघत नसत. आयुष्यात त्यांना दोनच गोष्टींचं वेड. एक, समोरच्याच्या दातांकडे टक लावून बघायचं. दुसरं, बेस गिटार. घरातल्या पुढच्या खोलीत भिंतीवर सहा गिटारी ओळीने टांगलेल्या होत्या. रोज सकाळी ते त्या मऊ फडक्याने पुसत आणि प्रत्येकीशी दोन शब्द बोलत.

"मला तर सगळ्या एकाच आईच्या लेकी दिसतात," बायको म्हणायची. ती तलावावर पोहायला शिकवायची. दिवसभर पाण्यात शिट्ट्या फुंकून आल्यावर घरी तिला शांतता लागे.

असं असताना सातवीचा विषय तिनेच काढला, याला कारण होतं. सहा महिन्यांपूर्वी दंतोपंतांच्या डाव्या हाताची करंगळी आखडली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, "आता हिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका." कवळ्यांचं काम चार बोटांवर निभत होतं. पण बँडच्या सगळ्यात आवडत्या चालीत एक जागा अशी होती की तिथला वरचा सूर करंगळीशिवाय गाठताच येत नसे. दंतोपंत ती जागा आली की गुपचूप तो सूर गाळायचे. मित्र सज्जन, कोणी अवाक्षर काढलं नाही. बायकोच्या मात्र लक्षात आलं की रविवारी तालमीहून परतताना जिन्यात ऐकू येणारी त्यांची शीळ बंद झाली आहे. पंधरा दिवस तिने वाट पाहिली, मग कुठून तरी एका दुकानाचा पत्ता काढला.

"हाताने बनवलेल्या असतात म्हणे तिथे. छोट्या मानेच्यासुद्धा. तुमच्या बोटांना जमेल अशी एखादी मिळेल," ती म्हणाली. "पण ही शेवटची हं."

"अगदी शेवटची," दंतोपंत म्हणाले. हे वाक्य ते पाचव्यांदा बोलत होते.

दुकान टायरवाल्यांच्या गल्लीत, एका धुलाई केंद्राच्या खाली तळघरात होतं. बारा पायऱ्या उतरल्या की रस्त्याचा आवाज मागे राहायचा आणि लाकडाचा, पॉलिशचा वास पुढे यायचा. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं मोजकं. त्यांचे यजमान गिटारी बनवायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. उरलेल्या गिटारी विकून झाल्या की दुकान बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पुढचा पाऊण तास दंतोपंत स्वर्गात होते. एक गिटार घेतली, ती वजनाने भारी. दुसरीचा आवाज गोड, पण मान फार रुंद. तिसरी त्यांनी मांडीवर घेतली, दोन सूर वाजवले, पुन्हा उलटी करून पाठ पाहिली, कान लावला, नाकाने वासही घेतला.

"लग्नाला मुलगी बघितलीत तेव्हा एवढं बघितलं नव्हतंत," बायको म्हणाली.

मालकीणबाईंच्या ओठांवर पहिल्यांदाच हसू आलं. आणि नेमके तेव्हाच दिवे गेले.

तळघरातला अंधार बाहेरच्या अंधारासारखा नसतो. तिथे दुपार आणि रात्र यांत फरक उरत नाही. वरच्या धुलाईयंत्रांची घरघरही थांबली, आणि ती थांबल्यावर कळलं की इतका वेळ ती चालू होती. मालकीणबाईंनी सवयीने एक कंदील पेटवून टेबलावर ठेवला. त्याच्या उजेडात मागच्या कोपऱ्यात, एका बंद दाराशेजारी टांगलेली गिटार दंतोपंतांना दिसली. मधाच्या रंगाची, अंगाने बारीक.

"ती विकायची नाही का?"

"विकायची आहे. चारदा विकली. चारदा परत आली."

"का बरं?"

"कोणी म्हणालं, मानेवरचे पडदे चुकीच्या जागी बसवलेत. कोणी काही सांगितलंच नाही, नुसती ठेवून गेले." त्या जरा थांबल्या. "एक जण म्हणाला, वाजवताना एकटं वाटत नाही."

दंतोपंतांनी गिटार खाली काढली. मानेवरून बोटं फिरवली आणि त्यांच्या लक्षात आलं की पडदे चुकलेले नव्हते, जवळ आणले होते. ही मान अंगठा सोडून चारही बोटं चालणाऱ्या हातासाठी नव्हतीच. बनवणाऱ्याने मुद्दाम तीन बोटांचा हिशेब धरला होता. त्यांचा हात तिथे असा बसला की जणू माप घेऊनच केली असावी. मान कोमट लागली, नुकतंच कोणी हातातून खाली ठेवल्यासारखी.

वीज नसल्याने आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प बंद होता. अशी गिटार अ‍ॅम्पशिवाय वाजवली तर डब्यात माशी अडकावी एवढाच आवाज येतो. दंतोपंतांनी पहिली तार छेडली, आणि खोली भरून आवाज आला. खोल, गोल, पायांखालच्या फरशीतून वर चढणारा.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने अ‍ॅम्पकडे पाहिलं. अ‍ॅम्पची वायर गुंडाळून बाजूला पडली होती.

थांबावं असं त्यांना वाटलं, पण हात थांबेनात. बोटं आपोआप त्या आवडत्या चालीवर गेली. लाकूड ताजं कापल्याचा वास आता इतका दाट झाला होता की जिभेवर चव यावी. चाल पुढे सरकत होती. ती जागा आता दोन मात्रांवर आली... एका मात्रेवर... दंतोपंतांची करंगळी काडीसारखी ताठ, हवेत. सूर गाळायची तयारी त्यांनी मनाने केलीच होती.

सूर वाजला.

स्पष्ट, भरदार, पूर्ण वाजला. दंतोपंतांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या करंगळीपासून चांगली दोन बोटं पलीकडे तार आपोआप खाली दबली, पडद्याला टेकली आणि हलकेच वर आली.

त्यांचा हात थिजला.

"अहो..." बायको अगदी हळू म्हणाली, "तुमचा तो सूर... वाजला की."

सगळ्या गिटारी सारख्या दिसणाऱ्या बायकोला तो सूर ओळखू आला, याचं नवल करायचीही दंतोपंतांना तेव्हा शुद्ध नव्हती. मालकीणबाई कंदील उचलून जवळ आल्या. उजेड थरथरत होता.

"करंगळीचा होता का तो सूर?" त्यांनी विचारलं.

"करंगळीचा... पण माझ्या नाही."

त्या खाली बसल्या. "ह्यांची करंगळी ऐन तिशीत यंत्राच्या करवतीखाली गेली. तरी वाजवायचे. म्हणायचे, सूर मनापासून लागला की माझं बोट परत येतं. मी हसायचे. ही गिटार त्यांनी स्वतःच्या हातासाठी केली. शेवटची."

तेवढ्यात बंद दारामागून आवाज आला. खर्र... खर्र... लाकडावर कोणीतरी सावकाश पॉलिशपेपर घासत होतं. बायकोने त्यांचा शर्ट मुठीत घट्ट धरला.

"तिकडे कोण आहे?" तिने कुजबुजत विचारलं.

"त्यांची कामाची खोली. दोन वर्षं कुलूप आहे." मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर भीतीची खूणही नव्हती. डोळे भरले होते आणि त्या पाण्यातून हसू फुटत होतं. "दोन वर्षं मी रोज इथे बसते. रोज कान लावते. एकदा म्हणून आवाज नाही दिला."

मग त्या दाराकडे वळल्या आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत विचारावं तशा सहज आवाजात म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईक चांगलं आहे. देऊ का?"

घासणं थांबलं. तळघरात श्वास घेतल्याचाही आवाज नव्हता. आणि दंतोपंतांच्या मांडीवर, त्यांचे दोन्ही हात बाजूला असताना, सगळ्यात जाड तार एकदा, फक्त एकदा, घुमली.

"द्या म्हणतात," मालकीणबाई म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. त्यांचं बघून बायको हसली. शेवटी दंतोपंतही हसले.

दिवे आले. वरची यंत्रं पुन्हा घरघरू लागली. मालकीणबाईंनी किल्ली आणून खोली उघडून दाखवली. बाकावर, अवजारांवर, जमिनीवर दोन वर्षांची धूळ जशीच्या तशी होती. तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत दंतोपंतांनी कोणाला काही सांगितलं नाही. नवी गिटार खांद्याला लावली आणि चाल सुरू केली. ती जागा आली, सूर लागला, आणि ढोलक्या, म्हणजे त्यांचा ड्रम वाजवणारा औषधविक्या मित्र, काठ्या हवेत फेकून उभाच राहिला. "दंतोपंत, करंगळीचीही कवळी करून घेतलीत की काय?" त्यावर सगळे इतके हसले की चाल पुन्हा पहिल्यापासून वाजवावी लागली. त्या संध्याकाळी जिन्यात शीळ ऐकू आली. स्वयंपाकघरात बायकोने हातातलं काम थांबवून ती शेवटपर्यंत ऐकली.

पुढच्या रविवारी मालकीणबाई तालमीला आल्या. पहिल्या खुर्चीत बसून त्यांनी पायाने ठेका धरला. जाताना गिटारीच्या मानेवर हलकेच हात ठेवून म्हणाल्या, "दुकान बंद करायचा विचार सोडला मी. त्यांच्याकडून जरा शिकले होते. मीच एखादी करून बघते."

भिंतीवर मधाच्या रंगाची गिटार सातवी लागली. रोज सकाळी ती पुसताना दंतोपंत तिच्याशी दोन शब्द जास्त बोलत. भीती कधीच मावळली होती. घरात एक पाहुणा आलाय आणि तो गुणी आहे, एवढंच उरलं होतं.

तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या सिस्टर जिन्यात भेटल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या.

"आमच्या आवाजाचा त्रास होत नाही ना?" दंतोपंतांनी विचारलं.

"छे हो. दुपारी तर फार बरं वाटतं. इतकं सुरेख वाजतं वर."

दुपारी घराला कुलूप असे. दंतोपंत कवळ्यांच्या प्रयोगशाळेत, बायको तलावावर. पण ते दचकले नाहीत. गालातल्या गालात हसले आणि मनात म्हणाले, वाजवू दे त्यांना, गिटार त्यांचीच आहे.

"आणि ती गाणारी," सिस्टर पुढे म्हणाल्या, "ती कोण?"

"गाणारी?"

"बाई आहे. शब्द नीट कळत नाहीत. पण मधेच माझं नाव येतं. अगदी लहानपणचं, घरातलं. ते माहीत असलेलं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून म्हटलं, विचारावं." त्यांचा सुरकुतलेला चेहरा आनंदाने उजळला होता. "आधी आठवड्यातून एकदा नाव घ्यायची. काल दोनदा घेतलं."

सिस्टर कठडा धरून दोन पायऱ्या उतरल्या, मग थांबून मागे वळल्या.

"तिला तेवढं सांगा हं," त्या लाजत म्हणाल्या, "खाली यायचं असेल तर दुपारी मी दार उघडंच ठेवते म्हणावं."