गाडीखालचं पीठ

व्याह्यांच्या दारात गाडी गळावी यासारखी नामुष्की नाही, त्यातून ती गाडी जयराजची. सांगलीत मानसिंगरावांनी नवा बंगला बांधला होता आणि पुढच्या अंगणाला पांढरीशुभ्र फरशी घातली होती. जयराज तिथं लेकीला, उत्कर्षाला, आजीच्या वर्षश्राद्धाचं सांगायला गेला होता. चहापाणी झालं, लेक जावयाबरोबर श्राद्धाच्या दिवशी येणार असं ठरलं आणि जयराजनं गाडी मागं घेतली. फरशीवर तळहाताएवढा लाल डाग राहिला होता. कुंकू कालवून सांडल्यासारखा.

"अगंबाई, रक्त की काय?" विहीणबाई दचकल्या.

"रक्त कसलं? गिअरबॉक्सचं तेल आहे, ऑटोमॅटिक गाडीचं लालच असतं," मानसिंगराव हसले. "काय हे पाहुणे? सगळी हयात मिलिटरीच्या वर्कशॉपात गेली तुमची, आणि घरच्या गाडीला गळती? दिव्याखाली अंधार म्हणायचा!"

जयराज हसला, पण ते हसू काही ओठांच्या खाली उतरलं नाही. एवढ्यात उत्कर्षा फडकं घेऊन आली आणि ओणवी होऊन पुसायला लागली. सासरच्या अंगणात आपली लेक आपल्या गाडीची घाण पुसतेय हे बघून त्याची कानशिलं तापली.

"ऱ्हाऊ दे गं, मी पुसतो," तो म्हणाला.

"असू दे, आबा. आजी असती तर तिनं पदरानंच पुसलं असतं."

ती सहज बोलली. जयराजनं मात्र मान फिरवली आणि काच वर केली.

उंब्रजच्या शिवेवर, मळ्यात त्याचं घर. फौजेत रणगाड्यापासून जीपपर्यंत सगळं खोलून जोडलेला माणूस. गावातला ट्रॅक्टर अडला की लोक आधी त्याच्याकडं येत. डावा गुडघा नोकरीत निकामी झाला, क्लच दाबवेना, म्हणून निवृत्तीनंतर त्यानं ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. होती वापरलेलीच, पण आतली मलईच्या रंगाची सीटं कोरी दिसायची, आणि त्या सीटांवर त्याचा फार जीव. गाडी घेतल्यावर साताऱ्याहून कंदी पेढे आणून त्यानं अख्ख्या गावाचं तोंड गोड केलं होतं.

ती गाडी गॅरेजला न्यायचा विचार त्यानं केला नाही. न्यायची म्हणजे लोक हसणार, हे एक कारण. दुसरं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं नव्हतं. कुणी मागं बसायला निघालं की "कुलूप बिघडलंय, फुडं बसा" म्हणायचा. स्वतः गाडी दुरुस्त करणाऱ्याचं कुलूप वर्षभर बिघडलेलं राहतं, यावर संयोगितेनं, त्याच्या बायकोनं, एकदा भुवई उंचावली होती. मग तिनंही विचारणं सोडलं.

घरी येताच त्यानं शेडमध्ये गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा अंथरला. गळतीचा शोध असाच घेतात. थेंब कुठं पडतो ते बघायचं, तिथून वर नजर न्यायची. सकाळी ओणवा होऊन बघतो तर पुठ्ठा कोरडा ठाक. बरं वाटलं. तरी खात्रीसाठी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली, तर तेल खुणेच्या खाली गेलेलं.

त्यानं तेल भरलं, पुठ्ठा बदलला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. गाडी जागची हललेली नाही, जमिनीवर थेंब नाही आणि तेल रोज कमी. रेडिएटरच्या पाण्यात मिसळतंय का ते बघितलं. पाणी स्वच्छ होतं. तेल काही हवेत विरत नाही, ते कुठंतरी जातं. एवढं साधं त्याला शिकवलेलं होतं आणि एवढंच त्याला सापडत नव्हतं.

त्याच सुमारास चुलते आकारामतात्या श्राद्धाची बोलणी करायला आले. पान जुळवता जुळवता म्हणाले, "जयराजा, येक इचारू? बनुवैनीच्या दिव्याखालचं पीठ तसंच ऱ्हायलं हुतं रं. ना पाखराचं पाऊल, ना खूर, ना मुंगीची वळ. मी लय मौती बघितल्या. असं कवा झालं न्हाई."

"असतंय, तात्या. त्याला काय अर्थ हाय?"

"अर्थ न्हाई कसा? जिथं जीव गेला तिथं दिवा लावायचा, खाली पीठ पसरून वर डालगं झाकायचं. जाणारा खूण ठेवतोच. जागा चुकली तरच ठेवत न्हाई."

संयोगिता चहा घेऊन दारात उभी होती. जयराजनं तिच्याकडं बघितलं नाही.

जागा चुकलीच होती, आणि ते फक्त त्याला ठाऊक होतं.

त्याची आई बनुबाई खाटेवर झोपेत गेली असं सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी संयोगिता माहेरी, वडूजला गेली होती. सकाळी आईच्या छातीत कळ आली, म्हणून जयराजनं तिला मागच्या सीटवर बसवलं आणि कऱ्हाडचा रस्ता धरला. हायवेचं काम चाललेलं, ट्रकांची रांग. मागून आई म्हणाली, "वाइच थांबव रं. मळमळतंय."

"आता कुठं थांबू, आये? आलंच कऱ्हाड." मग त्यानं आरशात सीटाकडं बघितलं आणि पेढ्यांची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी मागं सरकवली. "ही धर. सीटवर सांडू नगंस."

"न्हाई सांडत, बाळा," आई म्हणाली.

बाईनं उभ्या आयुष्यात काही सांडलं नव्हतं. दुसऱ्यानं सांडलेलं मात्र पुसत आली होती. पिशव्या तर तिनं कधी टाकल्याच नाहीत. तोंडाला पीळ द्यायची, त्याचा वेढा करायची आणि शेपूट आत खोवायची. ती गाठ घरात दुसऱ्या कुणाला ना मारता यायची ना सोडवता. लोक दातांनी पिशवी फाडायचे आणि तिच्या शिव्या खायचे.

आरशात ती दिसत होती. दोन्ही हातांनी पिशवी तोंडाशी धरून, डोळे गच्च मिटून. मग ती गप्प झाली. डोळा लागला असेल असं त्याला वाटलं. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं मागं वळून बघितलं, तर ती गेलेली होती. सीट स्वच्छ, पिशवी रिकामी. तिनं दम धरला होता, लेकानं सांगितलं म्हणून.

तो आत गेला नाही. आत गेलं की विचारणार, शेवटी काय बोलल्या? आणि तुम्ही काय बोललात? त्यानं गाडी तिथूनच फिरवली, मळ्यात आणून तिला खाटेवर निजवलं आणि गावातल्या डॉक्टरला बोलावलं. पुढं जे सांगितलं ते इतक्यांदा सांगितलं की आता अडखळायलाही होत नव्हतं. लाज मात्र ताजीच होती. जेवताना शीत सांडलं तरी ती वर यायची.

तात्या गेल्यावर तो तडक उठून शेडमध्ये गेला. गाडी उचलून बाभळीच्या ठोकळ्यांवर घेतली, गिअरबॉक्स रॉकेलनं धुऊन कोरडा केला. आता त्यावर पावडर मारायची, म्हणजे तेलाचा ओघळ उमटतो. पावडरचा डबा रिकामा निघाला. मग त्यानं स्वैपाकघरातून तांदळाचं पीठ आणि चाळण आणली आणि पाठीवर सरपटत, खालून उडवून उडवून गिअरबॉक्स पांढरा केला. अर्धंअधिक पीठ अर्थात खालच्या फरशीवरच बसलं.

"आवं!" संयोगिता दारातच थबकली. "खाली पीठ कशापायी पसरलंय?"

"गळती बघतोय."

"असं पसरत्यात व्हय? हितं कोण गेलंय?"

जयराजच्या हातातली चाळण खाली पडली. "काय बी बोलतीस," एवढंच तो म्हणाला.

त्यानं इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय देऊन सगळे गिअर फिरवले, बंद केलं आणि पुन्हा खाली गेला. उजव्या चाकाचा दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथं पांढऱ्यातून एक लाल रेघ उतरत होती. टोकाला थेंब धरत होता. ऑइल सील गेलं होतं, बाकी काही नाही. इतके दिवस छळणारी गोष्ट ती, बांगडीएवढं रबर! त्याला हसू आलं. त्यानं पुठ्ठा काढून टाकला आणि तिथं फरशीवर नव्यानं पीठ चाळलं, थेंब पिठावरच पडू दिला तर नेमकी जागा कळेल म्हणून. सील कऱ्हाडहून उद्या आणायचं ठरवून, हातपाय धुऊन तो जेवायला बसला.

सकाळी तो पुन्हा खाली सरकला.

लाल रेघ होती. थेंबही लोंबत होता. खाली पिठावर मात्र लाल ठिपकासुद्धा नव्हता.

थेंबाच्या बरोबर खाली पीठ गोल दबलं होतं. काहीतरी मऊ, जड, वारंवार तिथं ठेवल्यासारखं. आणि त्याच्या शेजारी हात उमटला होता. वय झालेलं माणूस उठताना भुईला टेकतं, तसा पंजा. करंगळीशेजारचं बोट वाकडं.

विळा लागून आईचं तेच बोट वाकडं झालं होतं.

गाडीचं पोट आणि फरशी यात हातभर फट. तिथं कुणी बसू शकत नाही. कुणी उठूही शकत नाही.

"तू आलतीस का गं खाली?" त्यानं पडल्या पडल्या दाराशी आलेल्या संयोगितेला विचारलं.

ती वाकली. तिनं बघितलं. मग आपला हात त्या हाताशेजारी पिठात टेकवला आणि उचलला. तिची बोटं सरळ होती.

"आत्याबाईंचा जीव कुठं गेला?" तिनं सासूबद्दल विचारलं.

"खाटंवर. सांगितलंय न्हवं?"

"माझ्याकडं बघून सांगा."

जयराजनं केरसुणी मागितली. तिनं दिली नाही. त्यानं तळहातानंच पीठ लोटलं, शेजारशेजारचे दोन्ही ठसे एकत्र पुसले. त्या क्षणी त्याला स्वतःची जी लाज वाटली, तशी दवाखान्याच्या फाटकाशीही वाटली नव्हती.

कऱ्हाडला जाऊन त्यानं सील आणलं. दांडा बाहेर काढला, जुनं सील उचकटलं, नवं लाकडी ठोकळ्यानं ठोकून नीट बसवलं. हात आपलं काम बिनचूक करत होते. तेल भरलं, गाडी खाली उतरवली, हायवेपर्यंत चक्कर मारून आणली. दुसऱ्या दिवशी पट्टीवर तेल खुणेला खूण. गळती थांबली होती.

"झालं," तो म्हणाला. "आता सांगलीला न्यायला बी हरकत न्हाई."

"मग मागचं दार उघडा," संयोगिता म्हणाली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. "श्राद्धाला पाव्हणं आणायचं हायत. आत पुसून घेते."

"कुलूप..."

"उघडा."

त्यानं उघडलं. दार मुकाट उघडलं, कुरकुरलंसुद्धा नाही.

आतून तेलाचा वास आला.

पुढच्या सीटाच्या मागं, पाय ठेवायच्या जागेत पेढ्यांची पिशवी उभी होती. तट्ट फुगलेली, आतून लाल. इतक्या दिवसांत गेलेलं सगळं तेल तिच्यात असावं. तोंडाला पीळ दिलेला, पिळाचा वेढा, शेपूट आत खोवलेलं.

संयोगितेनं ती गाठ ओळखली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि या खेपेला त्याला नजर वळवता आली नाही.

"हितंच का?" तिनं हळू विचारलं.

जयराजनं मान डोलावली. मग तो वाकला आणि सीटावरून हात फिरवला, इकडून तिकडं, शिवणींच्या फटीतसुद्धा.

एक थेंब सांडला नव्हता.