खोकं उघडलेलं, वस्तू कोरी

नव्या आईनं एक वस्तू घ्यायची म्हणजे तीन दुकानं आणि तेरा शंका. तिनं घेतलं ते यंत्र तसं साधंच होतं. एक डबी बाळाच्या खोलीत ठेवायची, दुसरी आपल्याजवळ. तिकडे खुट्ट झालं की इकडे ऐकू येतं. कुणीतरी परत केलेलं, म्हणून स्वस्तात मिळालं.

"खोकं उघडलेलं आहे, वस्तू मात्र कोरी," काउंटरवरची बाई म्हणाली. "नाही पटलं तर आठवड्यात परत आणा."

"हिला पटणार नाहीच," नवरा हसला. "हिला कुकरच्या शिट्टीतसुद्धा बाळाचं रडणं ऐकू येतं."

तिला राग आला. पण खोटं काय होतं त्यात?

म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी विसळताना डबीतून 'शू... शू...' ऐकू आलं, तेव्हा तिनं आधी नळ बंद केला. आवाज बंद झाला नाही. कुणी बाई अगदी हलक्या हातानं बाळाला थोपटत होती. ती चवड्यांवर चालत खोलीत गेली. आत कुणी नाही. बाळ गाढ झोपलेलं. फक्त दुधाचा एक आंबूस वास होता, आणि तो तिच्या घरातला नव्हता.

"शेजाऱ्यांच्या यंत्राचा आवाज येत असेल," नवरा फोनवर म्हणाला. "नाहीतर तुझ्या डोक्यातला. परत करून टाक बघू."

दोन्ही डब्यांतले सेल तिनं काढले, डब्या खोक्यात घातल्या, वरून चिकटपट्टी लावली आणि खोकं दाराशी ठेवलं. बाळ उठलं की निघायचं. तोवर जरा टेकावं म्हणून ती खुर्चीत बसली, आणि कितीतरी रात्रींच्या जागरणानं तिला तिथंच गाठलं.

"ताई..."

तिनं डोळे उघडले. घरात चिटपाखरू नव्हतं.

"ताई, ऊठ... श्वास..."

आवाज दाराशी ठेवलेल्या खोक्यातून येत होता.

ती आत कशी पोचली ते तिला आजही सांगता येत नाही. बाळ पहिल्यांदाच पालथं पडलं होतं, आणि पांघरुणाचा पीळ तोंडावर घट्ट बसला होता. तिनं तो ओढून काढला. ओठ निळसर पडलेले. तिनं पाठीवर थापट्या मारल्या. एक क्षण काहीच नाही... काहीच नाही... मग बाळानं टाहो फोडला. इतकं गोड रडणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

खोकं परत करायचा प्रश्नच उरला नाही. डॉक्टरांनी बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि घरी येऊन त्याला निजवल्यावर तिनं दुकानात फोन लावला.

"हे आधी कुणी परत केलं होतं हो?"

फोनवर काउंटरवरचीच बाई होती. "नाव नाही सांगता येणार, ताई. पण लक्षात आहेत ते. कडेवर बाळ घेऊन आले होते. बिघाड काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, बिघाड नाही... ऐकणारी गेली."

तिनं फोन ठेवला. सातव्यांदा बाळाचा श्वास बघून आली. मग खोकं मांडीवर घेऊन बसली.

"बाई गं, तुझे उपकार कसे फेडू?" ती पुटपुटली. "आई मी, आणि जागी तू राहिलीस."

मग खोक्यातून, काम आटोपलेल्या बाईच्या थकल्या, समाधानी सुरात शब्द आले.

"येते हं, ताई..."

निघालेलं माणूस आपल्यात 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. आणि निरोप देणाऱ्यानं काय म्हणायचं, तेही जिभेला शिकवावं लागत नाही. तिचे डोळे भरले होते, मन भरलं होतं.

"ये हं," ती म्हणाली.

आणि लगेच तिनं जीभ चावली. पण बोललेला शब्द परत घेणारं काउंटर कुठल्याच दुकानात नसतं.

आत बाळ कुरकुरलं. ती उठली. 'आले, आले' हे शब्द नेहमीसारखे ओठांवर आले होते. ते फुटायच्या आतच बाळाच्या खोलीतून, खोक्यातून नव्हे, कुणीतरी मायेनं म्हणालं, "आले, आले..."

आणि बाळ गप्प झालं.