रिकाम्या खाटेवरच्या कळा

ही गोष्ट ऐकीव नाही. गेल्या श्रावणात, महाडच्या एका दवाखान्यात, भर दुपारी घडलेली आहे. जिच्या डोळ्यांदेखत घडली ती येसूबाई पोलादपूरकडच्या एका वाडीत राहते. हे सांगताना ती अजून दाराकडे पाठ करून बसत नाही.

तिची सून तेजश्री पहिलटकरीण. मुलगा दीपेश मुंबईहून निघालेला, पण महाडजवळचं वीर स्टेशन अजून लांब होतं. सुनेसोबत एकटी येसूबाई.

घरून निघताना येसूबाईनं पेटीचं कुलूप काढून ठेवलं होतं. सुनेची वेणी सोडली होती. गोठ्यातल्या गाईचं दावंसुद्धा सोडलं होतं. बाई अडलेली असताना घरात कुठं गाठ राहू नये, ही त्यांच्याकडची रीत.

आणि इथं सारिका सिस्टरनं तेजश्रीच्या पोटावर दोन पट्टे आवळले. एक बाळाचे ठोके ऐकणारा, दुसरा कळा मोजणारा. एकाचं बटण तुटलेलं, म्हणून चक्क गाठ मारली.

“गाठ नको गो बाय, पोर अडंल.”

“आजी, गाठ पट्ट्याला मारलीय, तुमच्या नातवाला नाही!”

सिस्टर हसत बाहेर गेली. मशीन वाजत राहिलं. टक् टक् टक् टक्...

येसूबाईला राहवेना. तिनं गाठ सोडली. दोन्ही पट्टे काढून शेजारच्या रिकाम्या खाटेवर टाकले.

मशीन गप्प झालं.

क्षणभरच.

मग... टक्... टक् टक् टक् टक्...

येसूबाईनं वळून पाहिलं. पट्टे खाटेवर होते. खाटेवर कुणी नव्हतं.

मशीनवर कळांचा आकडा चढू लागला. तेजश्री तर निपचित पडलेली. तिला कळ नव्हती.

आकडा आणखी चढला... आणि रिकामी खाट करकरली. कुणीतरी कठडा घट्ट धरावा, तशी.

“आई... कोण कण्हतंय?” तेजश्रीनं विचारलं.

येसूबाईनं सुनेचा हात घट्ट धरला.

सिस्टरनं दारातूनच कान दिला. “ठोके मस्त आहेत हां, आजी.” आणि ती वळली.

मस्त? कुणाचे?

आपल्या बाळाचे ठोके तर कुणीच ऐकत नव्हतं.

“थांब गो! पट्टं हिच्या पोटावर नाय हायत! मी काढलंय!”

सिस्टर धावत आली. पट्टे उचलायला गेली, तर ते येईनात. पलीकडून कुणी धरून ठेवल्यागत ताणले गेले. तिनं हिसका दिला.

ठोके तिथंच तुटले.

पट्टा तेजश्रीच्या पोटावर बसला. टक्... ... टक्... ...

फार सावकाश.

“डॉक्टर!”

मग एकच धावपळ. तेजश्रीला ऑपरेशनला आत नेलं. येसूबाई बंद दाराला कान लावून उभी. बऱ्याच वेळानं आतून रडणं आलं. मुलगी. दोघी सुखरूप.

डॉक्टर म्हणाले, मशीन कधी कधी भलतंच टिपतं. सारिका त्या रिकाम्या खाटेची चादर काढत होती. चादर मधोमध ओली होती...

नात आता रांगते. तिला मांडीवर घेतलं की येसूबाई मधेच तिच्या छातीला कान लावते. त्या खाटेवरच्या बाईचं भ्या वाटत नाय, म्हणते. भ्या वेगळंच हाय.

“तिची कळ भरात आलेली, गो. पोराचं ठोकं चांगलं चाललेलं. आन् आमी पट्टं वढून घेतलं...

सुटली असंल का ती?”