भिंतीतला मासा

"मेरिन, पाणी!" रेफ ओरडला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं! फुलांची उंच बरणी कलंडली आणि सगळं पाणी चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर सांडलं.

"झालं! आता मिसेस थ्रेलफॉल आपल्याला कच्चं खाणार!" टॅमसिन म्हणाली. ती आणि रेफ फडकी आणायला धावले.

ऑल्डरकूमच्या चर्चमध्ये रविवारी फुलांचा उत्सव होता आणि फुलांची सगळी मांडणी मिसेस थ्रेलफॉलकडे होती. सुट्टीत घर डोक्यावर घेतात म्हणून या तिघांची रवानगी मदतीला झाली होती. तेरा वर्षांचा रेफ, त्याची आठ वर्षांची बहीण मेरिन आणि शेजारची टॅमसिन.

मेरिन जागची हललीच नाही. ओल्या चुन्याखालून काहीतरी वर येत होतं. आधी एक तांबूस रेघ, मग शेपटी, मग गोल डोळा. मासा! रंगीत खिडकीतून निळा उजेड त्याच्यावर पडला होता आणि तो अगदी सावकाश पोहतोय असं वाटत होतं. बाहेर कबुतरं घुमत होती, तेही लांबून, पाण्यावरून आल्यासारखं. आपणही नदीच्या तळाशी बसलोय असं तिला वाटलं आणि फार छान वाटलं.

भानावर येऊन ती बाहेर पळाली. चर्चचे कारभारी मिस्टर पेटिफर अंगणात रंगाचा डबा घेऊन उभे होते. तिने त्यांना बाहीला धरून आत आणलं. रेफ आणि टॅमसिनही फडकी घेऊन आले. पण भर उन्हाळा तो! भिंत वाळून पुन्हा पांढरीफटक झाली होती.

"कुठाय मासा?" पेटिफर म्हणाले. "थापा मारतेस होय गं? काल म्हणे ढगात जहाज, आज भिंतीत मासा! उद्या सकाळी ही भिंत रंगवूनच टाकतो. माझ्या घरचा चांगला पक्का रंग उरलाय, फुकट!"

ते गेले. रेफ खो खो हसत सुटला. मेरिनचे डोळे भरून आले.

"हसतोस काय रे?" टॅमसिन म्हणाली. "ओलं असताना दिसला, वाळल्यावर गेला. मग पुन्हा ओलं करून बघू या की!" तिने फरशीवर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून भिंतीवर हलकेच टेकवलं. बोटाखाली एक लालसर खवला उमटला.

"आईशपथ!" रेफचं हसू थांबलं. "आणि उद्या यावर पक्का रंग?"

त्यांनी पेटिफरांचं घर गाठलं, तर "पुरे आता थापा!" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. चर्चच्या धर्मगुरू व्हिकरबाई परगावी होत्या, उद्या दुपारशिवाय येणार नव्हत्या. मग करायचं काय?

"पेटिफर जगात घाबरतात कुणाला?" टॅमसिनने विचारलं.

"मिसेस थ्रेलफॉलना!" भावंडं एकदम म्हणाली.

खरंच होतं ते. मिसेस थ्रेलफॉलनी मांडलेल्या फुलांना हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. एकदा खुद्द बिशपसाहेबांनी त्यांची फुलदाणी वीतभर सरकवली, तर त्यांना चहासुद्धा मिळाला नाही!

दुसऱ्या दिवशी पेटिफर ब्रश घेऊन आले आणि दारातच थबकले. भिंतीला लागून निळ्या-जांभळ्या फुलांची रांगच उभी होती!

"हे... हे इथे कसं?"

"मिसेस थ्रेलफॉलची फुलं आहेत," टॅमसिन साळसूदपणे म्हणाली. "हलवा ना तुम्ही!"

पेटिफरांनी हात पुढे केला, मागे घेतला. शेवटी डबा मांडीवर घेऊन ते बाकावर बसले. मधमाश्या आत आल्या, फुलाफुलांवर गुणगुणू लागल्या. खिडकीतला उजेड फरशीवरून हळूहळू सरकत राहिला. पेटिफरांची मान डुलायला लागली.

"माझ्या फुलांना हात कुणी लावला?"

पेटिफर दचकून उठले. मिसेस थ्रेलफॉल! रेफ टॅमसिनच्या मागे सरकला. पण मेरिन पुढे झाली.

"आम्ही. मासा वाचवायला. हवं तेवढं रागवा, पण आधी तिथे तुमच्या पिचकारीने थोडं पाणी उडवा. मासा नसला तर मी पुन्हा कधीच कुणाला काही सांगणार नाही. काहीच नाही!"

 मिसेस थ्रेलफॉलनी फुलं स्वतः बाजूला केली आणि पानांवर मारायची पिचकारी उचलली. फुस्स... फुस्स...

मासा आला. त्याच्यामागे दुसरा. मग एक खेकडा. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये पावाएवढा एक अंगठा, माणसाच्या पायाचा!

"कॉलिन," मिसेस थ्रेलफॉल हळू आवाजात पेटिफरांना म्हणाल्या, "तो डबा बाहेर ने."

दुपारी व्हिकरबाई आल्या आणि गुडघ्यांवरच बसल्या. "संत ख्रिस्तोफर! बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा! मुद्दाम दारासमोर काढायचे त्याला. सकाळी त्याचं दर्शन घेतलं की दिवसभर भय नाही, असं मानायचे. पुढे राजाचा हुकूम आला आणि अशी चित्रं चुन्याखाली गेली. पाचशे वर्षं होत आली! शाब्बास रे पोरांनो! पण आता पाणी अजिबात नको हं! जाणकार येऊन चुना काढतील. चेहरा दिसायला वर्षंसुद्धा लागतील."

"लागू देत," मेरिन म्हणाली.

पेटिफर टोपी हातात घेऊन तिच्यासमोर आले. "चुकलो गं पोरी. मासा होता. मी थापाडी म्हणायला नको होतं तुला."

मोठी माणसं चहाला गेली. तिघं गार फरशीवर बसून राहिली. भिंत वाळत होती, अंगठा गेला, खेकडा गेला, मासेही पुसट झाले. मेरिन कोऱ्या भिंतीकडे टक लावून बघत होती.

रेफ तिच्या शेजारी सरकला. "मेरिन," त्याने विचारलं, "आणखी काय काय दिसतंय गं तुला?"

आणि ती सांगू लागली, तेव्हा तो जरासुद्धा हसला नाही.