मधल्या खोलीतली रेघ

मथुराबाईंची खाट अंगणात असायची. वर चार खांबांवर पत्रा, बाजूंना मोकळी हवा, पायथ्याशी पाण्याचा तांब्या. घर मागं उभं होतं. भूकंपानंतर जुनं गाव सोडून माळावर नवं गाव वसलं, त्यातलं. स्वयंपाक, देवपूजा, धान्य निवडणं, सगळं त्या घरात करायच्या. फक्त झोपायच्या बाहेर.

शिवांजली सून म्हणून आली तेव्हा तिला वाटलं, सवय असेल. ती माकणीच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि कुठल्याही गोष्टीला कारण असतं अशी तिची समजूत होती. या गोष्टीचं कारण तिला नवऱ्याकडून, कृष्णराजकडून, हळूहळू कळलं. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे मथुराबाई इथं नव्हत्याच. पहिल्या बाळंतपणाला माहेरी, तामलवाडीला गेल्या होत्या. कृष्णराज नुकताच जन्मलेला, आणि त्याचे वडील त्याला बघायला तिकडं गेलेले. मागं घरात सासू, सासरे, थोरले दीर आणि जाऊ सोजरबाई. दगडमातीचं घर त्या चौघांवर कोसळलं. बाळाला घेऊन परतल्या तेव्हा सगळं उरकलेलं होतं. बघायलासुद्धा काही राहिलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी छताखाली पाठ टेकली नाही. पुढं नवरा गेला, मुलाचं लग्न झालं, खाट तिथंच राहिली.

या दिवाळीनंतर मात्र दम्यानं त्यांना धरलं. लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यांना उघड्यावर झोपवू नका. हा हिवाळा आत काढला तर निभावेल."

घरी आल्यावर मथुराबाई चुलीपाशी बसल्या, विस्तव सारखा केला. मग म्हणाल्या, "जमीन हलायच्या आधी सांगणारं कायतरी आण. मग येते आत."

"आधी सांगणारं काही नसतं, आत्या," शिवांजली म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "पण जरा हललं की लगेच उठवणारं करता येईल."

"कर मग."

तिच्या डोक्यात निखतकडचा फोन होता. निखत तिची उमरग्याच्या कॉलेजातली मैत्रीण, आता धाराशिवला घरूनच संगणकाचं काम करायची. तिचा भाऊ माज जपानात नोकरीला होता. येताना त्यानं आपला जुना फोन आणला आणि इथं तो कुणाच्याच कामाचा नाही हे सगळ्यांना कळलं. भारतातलं सिम चालेना, मेनू जपानी, आणि कंपनीनं आत भरलेली ॲप काढता यायची नाहीत. दुसरं कुठलं ॲप सुरू ठेवलं की ती त्याला थोड्या वेळात झोपवून टाकायची. पण आतलं हालचाल मोजणारं यंत्र उत्तम होतं, आणि आवाज असा की शेजारच्या आळीला जाग यावी.

"ते सगळं खरवडून काढावं लागेल," निखत म्हणाली. "कुलूप तोडायचं, आतली सिस्टीम फेकायची, नवी भरायची. चुकलं तर फोन मेला. चालेल का?"

"असाही पडूनच आहे ना?"

"तर मग बिस्मिल्लाह कर."

रविवारी दुपारी शिवांजली मधल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. निखत दुसऱ्या फोनवरून सूचना देत होती. दोन बटणं एकदम दाबून धरायची, केबल लावायची, काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं आली की सोडायची. मथुराबाई सूप घेऊन शेजारीच ज्वारी पाखडत बसल्या होत्या, पण लक्ष इकडं होतं. पडद्यावर इशारा आला: यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल.

"आहे काय गं यात?" शिवांजलीनं निखतला विचारलं.

"माजनं काढलेले जेवणाचे फोटो. पुस बिनधास्त."

तिनं पुसलं. कुलूप उघडलं. नवी सिस्टीम आत गेली आणि फोन सुरू व्हायचा तो होईना. चिन्ह उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं.

"मेला का?" मथुराबाईंनी विचारलं.

"नाही. धडपडतोय."

निखतनं शोधाशोध करून त्याच फोनसाठी कुणा हौशी माणसानं बनवलेली थोडी जुनी आवृत्ती पाठवली. ती घातल्यावर चिन्ह एकदाचं स्थिरावलं, पडदा पांढरा झाला आणि मराठीत अक्षरं आली, 'भाषा निवडा'. शिवांजली टाळी वाजवून हसली. मथुराबाईही हसल्या, आणि हसता हसता खोकल्या.

फोन तिनं मधल्या खोलीच्या फरशीला एमसीलनं पक्का चिकटवला. पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत राहायची. जमीन शांत असली की रेघ सरळ. कृष्णराजनं मुसळ आपटलं तर उंच टोक यायचं आणि फोन बोंबलायचा. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर नुसती दाट झालर. शिवांजलीनं मर्यादा ठरवून दिली: मुसळापेक्षा मोठं काही झालं तरच ओरडायचं. बाकीचं नुसतं नोंदवून ठेवायचं.

"चार दिस चालू दे," मथुराबाई म्हणाल्या. "मंग बघू." आणि खाटेवर गेल्या.

सकाळी चहा पिता पिता शिवांजली आदल्या रात्रीची रेघ बघायची. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग एके दिवशी पहाटेच्या भागात तिला बारीक उंचवटे दिसले. सगळे सारख्या अंतरावर, एकामागून एक. मध्येच थोडी सपाट जागा, की पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही दिसले. तिसऱ्या दिवशीही.

तिला वाटलं, गिरणी असेल. गिरणीवाले अण्णाराव म्हणाले, "एवढ्या पहाटे कोण दळतंय, बाई?" मग वाटलं, कुणाची तरी मोटर असेल. त्याच आठवड्यात डीपी जळला आणि अख्ख्या गावाची वीज गेली. पंप, फ्रिज, पिठाची गिरणी, सगळं बंद. फोन तिनं शाळेत चार्ज केलेल्या पॉवरबँकवर ठेवला.

उंचवटे आले.

"सेन्सर बिघडला असेल," निखत म्हणाली. "पुन्हा पुसून टाक सगळं."

तिनं पुन्हा पुसलं, पुन्हा भरलं. या वेळी दुसरी आवृत्ती घेतली. उंचवटे आले. फोन उखडून स्वयंपाकघरात लावला. तिथं ते फिके झाले. अंगणात तर रेघ सरळच. परत मधल्या खोलीत, खिडकीखालच्या फरशीवर लावला, तिथं सगळ्यात ठळक. मग तिनं स्वतःचा फोन त्याच्याशेजारी ठेवून तेच ॲप चालवलं. सकाळी बघितलं तर तिच्या फोनची रेघ कोरी होती. जपानी फोनची नव्हती.

हे तिनं निखतला सांगितलं तेव्हा निखतनं विचारलं,

"तुझ्या आत्यांना दाखवलंस का?"

"त्यांना कशाला? आधीच आत यायला घाबरतात."

पण मथुराबाईंनी बघितलंच. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. शिवांजलीनं पहाटेची रेघ मोठी करून लॅपटॉपवर लावली होती आणि ती कागदावर काही गणित मांडत होती. मथुराबाई पाठीमागून आल्या, वाकल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. बोट रेघेवरून हळूहळू पुढं नेलं. चढ, उतार, चढ, उतार. सपाट जागेपाशी थांबलं.

"हितं मूठ टाकली," त्या म्हणाल्या.

"कसली मूठ?"

"जोंधळ्याची. जातं हाय ह्ये." बोट पुन्हा चालू लागलं. "ह्या अंगानं हलकं जातंय बघ, आन् ह्या अंगानं जड. दोघी समोरासमोर बसल्या की असं व्हत न्हाय. एक ढकलती, दुसरी वढती, जातं सारखं फिरतं." त्या थांबल्या. श्वास लागला होता, पण दम्याचा वाटत नव्हता. "एकटीच वढतीया."

"आत्या, हे जमिनीखालचं पाणी असेल, किंवा..."

"आमी दोघी दळायचो. म्या आन् सोजरबाई. म्या माहेरी गेले तवा म्हणली, ये लौकर, एकटीनं वढून खांदा भरून येतो माजा."

शिवांजलीनं लॅपटॉप मिटला. हातावर काटा आला होता. तो दिसू नये म्हणून तिनं पदर ओढून घेतला.

"मला जुन्या गावात ने," मथुराबाई म्हणाल्या. "ते यंत्र घिऊन."

एवढ्या वर्षांत त्या तिकडं फिरकल्या नव्हत्या. शेतावर जातानासुद्धा वळसा घालून जायच्या. कृष्णराज म्हणाला, नको. पण त्या चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या, मग तोही निमूट निघाला.

सकाळचं ऊन चांगलं होतं. जुनं गाव म्हणजे आता बाभळी, तुरीची पट्टी आणि मधूनमधून जोत्याचे दगड. गल्ली कुठली ते फक्त मथुराबाईंना कळत होतं. त्या न चुकता चालत गेल्या, एका जागी उभ्या राहिल्या. गवत होतं, गवतात होल्यांची जोडी टिपत होती. ती उडाली.

"हितं."

शिवांजलीनं माती बाजूला केली, खालचा घट्ट दगड मोकळा केला आणि फोन त्यावर दाबून ठेवला. तिला वाटत होतं, आता रेघ उसळेल. अख्खं गाव त्या रेघेत धावत येईल असं काहीतरी तिच्या मनानं धरलं होतं, आणि आपण असं धरलं याची तिला लाजही वाटत होती. कृष्णराज पाठ करून तुरीकडं बघत उभा होता.

रेघ सरळ होती.

बराच वेळ सरळ होती. शिवांजलीनं दगडावर बोट आपटून बघितलं, टोक आलं. यंत्र चालू होतं. मग पुन्हा सरळ.

मथुराबाई खाली बसल्या. तळवा जमिनीवर ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटले. शिवांजलीला वाटलं, आता या रडतील. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा मोकळा झाला होता.

"हितं कुणीच न्हाय," त्या म्हणाल्या. आवाजात नवल होतं. "म्या उगाच भ्याले गं. मला वाटायचं, समदी हितंच ऱ्हायली असतील. अंधारात. दगडाखाली."

"आत्या..."

"न्हाईत. घरी आल्यात." त्यांनी हात पुढं केला. "उठीव मला. आन् म्या मातर इतकी वर्सं भायेर निजले."

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः खाट उचलायला लावली. मधल्या खोलीत, खिडकीपासून थोडं अंतर सोडून. कृष्णराज म्हणाला, खिडकीखाली लाव, हवा येईल. त्या म्हणाल्या, तिथं नको. त्या रात्री त्या आत झोपल्या. सकाळी शिवांजली उठली तेव्हा त्या अजून झोपेत होत्या, तोंड किंचित उघडं, श्वास मऊ. एवढा वेळ झोपलेलं तिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं. कृष्णराज दाराशी उभा राहून आईकडं बघत होता. मग तो बाहेर गेला आणि अंगणातले चार खांब उपटून काढले.

तो हिवाळा चांगला गेला. लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी औषध निम्म्यावर आणलं. मथुराबाईंच्या गालावर थोडं मांस चढलं. त्या दुपारी ओव्या म्हणू लागल्या, ज्या कृष्णराजनंही पूर्वी ऐकल्या नव्हत्या. शिवांजलीनं पहाटेची रेघ बघणं हळूहळू सोडून दिलं. कारण सापडलं नव्हतं. सापडेल असंही तिला वाटत नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचा त्रास होत नव्हता.

होळीच्या सुमाराला फोनची पाठ फुगली. बॅटरी गेली होती. निखत म्हणाली, "लगेच काढ, फुटायची. जपानची बॅटरी मिळणं मुश्किल आहे, पण शोधते."

शिवांजलीनं फोन उखडला. आता या पुन्हा अंगणात जातील, या धास्तीनं ती मथुराबाईंजवळ जाऊन बसली. "आत्या, ते यंत्र काही दिवस बंद राहील. भीती वाटेल का?"

मथुराबाई मेथी निवडत होत्या. "आता त्याचं काय काम?" एवढंच म्हणाल्या.

शिवांजलीला हायसं वाटलं. फोन बाहेर अंगणात नेऊन ठेवावा म्हणून ती उठली आणि खिडकीकडून दाराकडं निघाली.

"बाजूनं जा," मथुराबाई मान वर न करता म्हणाल्या. "पिठात पाय पडंल."

फरशी स्वच्छ होती. सकाळीच पुसलेली. एमसीलचा एक करडा डाग सोडला तर तिच्यावर काही नव्हतं.

शिवांजली क्षणभर उभी राहिली. मग भिंतीच्या कडेनं गेली.

संध्याकाळी कृष्णराज कामावरून आला. त्याला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. फोनवर खतवाल्याशी बोलत बोलतच तो आत शिरला, हेल्मेट कोनाड्यात ठेवलं, आणि बोलण्यात जराही खंड न पडता भिंतीला खांदा घासत, पाय जपून टाकत, मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात गेला.