बोटं न दाखवता

कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून तिने पुन्हा बटण दाबलं. हातातल्या चिमुकल्या गेम कन्सोलवर मोठ्या बहिणीने धाकट्या भावाचा हात धरला — आणि चित्र अडखळलं, थांबलं, धापा टाकत पुढे सरकलं.

"हात सोडायला लावा त्यांना. मग बघा गेम कसा पळतो!"

तिने वर पाहिलं. कॉफीचा कप घेऊन एक उंच तरुण उभा होता.

"आपण कोण?"

"वरच्या मजल्यावर मला कात्री म्हणतात. जड झालेले गेम कापून हलके करतो. आजपासून तुमचा..." तिच्या भुवया वर गेल्या, तसा तो गडबडला. "म्हणजे — तुमच्या गेमचा!"

ती ओठ दाबून हसली; पण क्षणभरच. गेममधली ती दोन्ही मुलं तिनेच रेखाटली होती. आंधळ्या भावाला बहीण जंगलातून पार नेते, एवढीच तर गोष्ट. हातच सुटला तर उरलं काय? आणि टीमच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं — संध्याकाळपर्यंत नीट चाललं नाही, तर बहीण पुढे, भाऊ मागे. हात नाहीच.

"या मशीनमध्ये दमच नाही," ती फणकारली. "मोठ्या मशीनवर लोण्यासारखं चालतं."

"मोठं मशीन किती घरांत असतं? हे पोरांच्या दप्तरात मावतं." तो समोर बसला. "बिचाऱ्याचा जीव तो केवढा! एकमेकांत अडकलेल्या बोटांचा हिशोब करता करता दमतं. मला सांगा, हात धरलाय हे कळतं कशावरून?"

"बोटांवरून. आणखी कशावरून?"

"बघू या?"

त्याने स्वेटरची बाही बोटांवर ओढली आणि हात पुढे केला. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"अहो, सगळे बघतायत..."

"बघू देत. काम चाललंय!"

तिनेही स्वेटरची बाही ओढली आणि त्याचा हात धरला. दोघं कॉरिडॉरमध्ये चालू लागली. लोकरीच्या दोन थरांतूनही त्याच्या हाताची ऊब लागत होती. लक्ष पावलांकडे द्यायचं होतं... ते काही केल्या जाईना. तिने भावासारखे डोळे मिटले, आणि मधेच थांबली. त्याचा खांदा मागे ओढला गेला. तो चटकन वळला.

"काय झालं? लागलं का?"

"भाची आठवली. मुंगी दिसली की अशीच थांबते. तेव्हा बोटं कुठे बघतो आपण? खांद्याला हिसका बसतो आणि काळजात धस्स होतं, बस्स."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"पुन्हा एकदा चालू या," तो हळूच म्हणाला.

पुन्हा चालली. मग पुन्हा. शेवटी कॅन्टीनवाल्या काकू म्हणाल्या, "अरे, फरशी झिजवाल!" तेव्हा कुठे दोघं जागेवर बसली. तिने मुलांना लांब बाह्या दिल्या, भावाला अर्धं पाऊल मागे ठेवलं, बहिणीच्या खांद्याला हिसका दिला. त्याने बोटं काढून टाकली.

संध्याकाळी मॅडमनी कन्सोल हातात घेतला. भाऊ थबकला. बहिणीचा खांदा ओढला गेला, ती वळली. चित्र कुठे म्हणून अडखळलं नाही. मॅडम जंगल संपेपर्यंत खेळत राहिल्या.

"बोटं नाहीत यांना?"

"नाहीत," ती म्हणाली.

"मला तर दिसत होती." त्यांनी कन्सोल अलगद खाली ठेवला. "असू दे हात."

दाराबाहेर येताच दोघं एकदमच हसली. कान लाल झाले होते त्याचे.

"एक सांगायचं होतं... खांद्याचं मला दुसऱ्या फेरीतच पक्कं कळलं होतं. पुढच्या सगळ्या फेऱ्या... मशीनसाठी नव्हत्या."

तिने मान खाली घातली. गालातलं हसू काही लपेना.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "मला तर पहिल्याच फेरीत कळलं होतं."