आईंच्या खोलीला कोणता रंग

सासूबाईंना दवाखान्यात हलवून बरेच दिवस झाले, तेव्हा सुनेने रंगारी बोलावला. घशात नळी, तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनीही आशा सोडल्यात जमा होती. आज ना उद्या त्यांची खोली मोकळी होणारच, तर मुलीच्या अभ्यासासाठी आधीच नीट करून घ्यावी, एवढाच तिचा हिशेब. नवऱ्याला मात्र ती काही बोलली नव्हती. तो तिकडे आईच्या उशाशी बसला होता.

रंगाऱ्यालाही तिने इतकंच सांगितलं, "भडक नको. उबदार हवा, डोळ्यांना शांत."

त्याने खिडकीशेजारी नमुन्याचे पट्टे ओढले आणि बाहेर जाऊन डबे ढवळू लागला. दुपार कलली होती. ओल्या रंगाच्या वासातून मधूनच सांधेदुखीच्या तेलाचा वास येई. पलंगाकडे पाठ करून ती पट्टे निरखत राहिली.

"हा बिस्किटी बरा दिसेल," ती पुटपुटली.

"नको गं... आजाऱ्याच्या तोंडासारखा आहे."

"मग हा सायीचा?"

"हो... हाच घे."

"बरं आई," ती सवयीने म्हणाली. आणि आपण कुणाला उत्तर दिलं, ते तिच्या ध्यानात आलं.

मागे वळायला धीर होईना. वळली, तर पलंग रिकामा.

रंगारी दारातून डोकावला. "आजी म्हणाल्या तोच लावतो, ताई. घरातल्या मोठ्या माणसाला विचारलंत, बरं केलंत."

भीतीपेक्षा लाजेनेच ती अर्धमेली झाली. आजी दवाखान्यात आहेत, अजून जिवंत आहेत, हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? "लावा," एवढंच म्हणून ती घराबाहेर पडली, ती थेट दवाखान्यात.

नळी तशीच होती. छाती मंद वरखाली होत होती.

"मघाशी डोळे उघडले होते तिने," नवरा म्हणाला. "पण नजर इथे नव्हतीच. कितीदा हाका मारल्या..."

"अहो, मी..." आईंच्या चेहऱ्याकडे तिला बघवेना.

दिवेलागणीला ती परतली, तेव्हा रंगारी हात धूत होता. खोली सायीसारखी उजळली होती. पलंगामागे मात्र जुन्या रंगाचा एक तुकडा तसाच उरला होता. टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा.

"हे का सोडलंत?"

"आजी टेकून बसल्या होत्या ना. उठा म्हटलं, तर म्हणाल्या, अजून थोडं बसू दे..." त्याने आवाज खाली आणला. "आणि म्हणाल्या, सुनेला काही बोलू नकोस... उगाच ओशाळेल ती."

तो गेला. ती मान खाली घालून तिथेच उभी राहिली. पाठीमागे पलंग हळूच करकरला... कुणीतरी शेजारी बसायला जागा करून द्यावी, तसा.